विश्लेषण : हिप्पींचे स्वप्न नागझिऱ्यात टिकले असते का?

विजेविना रात्र, समोर तलाव आणि चहूकडे जंगल. नागझिऱ्यात मुक्काम केलेला शहरी पाहुणा निघताना हमखास म्हणतो, ‘सगळे सोडून इथेच राहावे!’ साठच्या दशकात हेच वाक्य पाश्चात्त्य तरुणांच्या एका अख्ख्या पिढीच्या तोंडी होते. १९७० मध्ये नागझिरा अभयारण्य जाहीर झाले, त्या सुमारास हे तरुण गोव्याच्या किनाऱ्यावर पथारी पसरू लागले होते.

हिप्पी नेमके कोण?

व्हिएतनाम युद्धाला विरोध करणारे आणि नोकरी-घर-गाडी या चाकोरीला विटलेले तरुण. १९६७ च्या उन्हाळ्यात ते हजारोंनी सॅन फ्रान्सिस्कोत जमले. लांब केस, मण्यांच्या माळा, ओठांवर शांततेचे गाणे. त्यांचा विरोधही विनोदी असे. त्याच ऑक्टोबरमध्ये अमेरिकेचे लष्करी मुख्यालय पेंटागॉन मंत्रोच्चाराने हवेत उचलण्याचा घाट घालण्यात आला. ३०० फुटांची परवानगी मागितली, घासाघीस होऊन १० फुटांवर सौदा ठरला, असा किस्सा सांगतात. इमारत जागची हलली नाही. युद्धविरोधाची चर्चा मात्र जगभर झाली.

भारतात कसे आले?

इस्तंबूल, तेहरान, काबूल असा बसचा खडतर प्रवास करत. १९६८ मध्ये बीटल्स ऋषिकेशच्या आश्रमात राहिले आणि या वाटेवरची वर्दळ वाढली. बीटल्सपैकी रिंगो स्टारचे पोट नाजूक. मोक्षाच्या वाटेवर त्याने सोबत डबाबंद घेवड्याची पेटीच आणली. पत्नीला माश्या-किड्यांचा जाच असह्य झाला आणि दहाएक दिवसांत जोडपे माघारी फिरले.

गोव्यात काय घडले?

हणजुणे येथे ‘एट फिंगर एडी’ या नावाने ओळखला जाणारा अमेरिकी हिप्पी भुकेल्या सोबत्यांना जेवू घाली. पैशाला तुच्छ मानणाऱ्यांचे पैसे संपले, तेव्हा जीन्स, कॅमेरे, टेपरेकॉर्डर वाळूत मांडून विक्री सुरू झाली. त्यातून बुधवारचा प्रसिद्ध बाजार उभा राहिला. बाजारव्यवस्था नाकारायला निघालेली मंडळी स्वतःच बाजार भरवून बसली!

मग बिनसले कुठे?

हसण्यावारी नेता येणार नाही अशी बाजूही होती. अमली पदार्थांनी अनेकांची आयुष्ये नासली. पाहुण्यांच्या मोकळेपणाचा त्रास यजमान गावांना सोसावा लागला. १९७९ मध्ये इराणमध्ये क्रांती झाली, अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा घुसल्या आणि खुश्कीची वाट बंद झाली. ‘निसर्ग सगळ्यांचा’ म्हणणे सोपे होते. त्याची राखण कोणी करायची, हा प्रश्न अनुत्तरित राहिला.

नागझिऱ्याचे उत्तर काय?

इथेही माणसे शहर सोडून येऊन राहिली. व्यंकटेश माडगूळकरांच्या मुक्कामातून ‘नागझिरा’ हे पुस्तक आले; किरण पुरंदरे तर ४०० दिवस राहिले. पाहणे, ऐकणे, टिपून ठेवणे हाच त्यांचा उद्योग. जंगलाकडून त्यांनी याहून जास्त काही मागितले नाही.

आज एखादा हिप्पी आला तर?

पिटेझरीच्या फाटकावर आधी ओळखपत्र दाखवावे लागेल. गिटार बंद, धूर बंद, गाडीतून उतरणे बंद. मुक्त जीवनाच्या शोधात निघालेल्याला इतके नियम ऐकून घाम फुटेल. पण याच नियमांमुळे तिथे रानकुत्री, गवे आणि वाघ अजून निर्धास्त हिंडतात. संध्याकाळी तलावाकाठी तो मुकाट बसला, तर ज्या शांततेसाठी त्याची पिढी इस्तंबूलहून बसने निघाली होती, ती त्याला इथे सापडेल. फक्त गळ्यातली माळ सांभाळावी. वानरांना पैशाचे वावडे असेल, मण्यांचे नाही!