स्टेपर मोटारीचा ड्रायव्हर बदलताना

कापडाच्या धंद्यात मीटरचा हिशेब करण्यात आमची उमर गेली. अँपिअर आणि व्होल्ट यांच्याशी आमचा संबंध विजेच्या बिलापुरताच होता. परंतु खोपोलीतील आमच्या दुकानामागच्या खोलीत ओढणीच्या छपाईचे सागवानी ठप्पे कोरणारे एक छोटे सीएनसी यंत्र आहे. पुतण्याने हौसेने सुटे भाग आणून ते जोडले. गेल्या पावसाळ्यात चालू यंत्रातच एका मोटारीची वायर सुटली आणि तिचा ड्रायव्हर जळाला. वीज चालू असताना ही वायर निघाली की बहुधा असेच होते. कर्जतच्या एका गिऱ्हाइकाचे लग्नाचे काम हाती होते, आणि खोळंबा परवडणारा नव्हता.

घाईत आम्ही चूक केली. एका दुकानदाराने 'टीबी६६००' नावाचा, ४ अँपिअर छापलेला स्वस्त ड्रायव्हर दिला. वीस मिनिटांत तो तापला, मोटार अडखळू लागली आणि नक्षी सरकली. पुतण्या म्हणाला, "चाचा, मोटारीवरची पट्टी वाचून जायला हवे होते." पट्टीवर २.८ अँपिअर होते. आम्हाला वाटले, ४ म्हणजे भरपूर. खुलासा असा की, ड्रायव्हरवर छापलेला आकडा शिखराचा (पीक) असतो. सलग चालणारा प्रवाह काढण्यास त्याला १.४ ने भागावे. म्हणजे ४ चे झाले जेमतेम २.८. शिवाय या नावाच्या पुष्कळ डब्यांत तोशिबाची टीबी६६०० नसून टीबी६७एस१०९ ही दुसरी चिप असते.

मग खोपोली लोकलने दादर, तिथून ग्रँट रोड, आणि लॅमिंग्टन रोड. तिथून डीएम५४२ जातीचा ड्रायव्हर आणला. तो २० ते ५० व्होल्टवर चालतो आणि शिखराला ४.२ अँपिअर देतो. आमचा वीजपुरवठा ३६ व्होल्टचा आहे. मोटार झटक्याने थांबली की उलटी वीज परत येते, म्हणून वर थोडी जागा लागतेच. ४८ व्होल्टवाल्यांनी याहून मोठा घ्यावा. ड्रायव्हरवरच्या तक्त्यात ३.७६ च्या पुढे २.६९ आहे, त्या ओळीप्रमाणे बारीक बटणे लावली. ए४९८८ सारख्या चिमुकल्या पट्ट्या २ अँपिअरच्या आतल्या मोटारींसाठी, आमच्या कामाच्या नव्हेत. कंट्रोलरचा इशारा ५ व्होल्टचा की २४ चा, हेही विचारून घ्यावे. आमचा ५ चाच होता.

एवढे करून पहिला ठप्पा काढला, तर गोल बुट्टी अंड्यासारखी लांबट! घरातल्या बायका हसल्या, आम्हाला मात्र सागवानाची किंमत दिसत होती. मोटारीच्या एका फेऱ्यास २०० टप्पे असतात. जुना ड्रायव्हर प्रत्येक टप्प्याचे १६ भाग करी, म्हणजे ३,२०० इशाऱ्यांना एक फेरा. नवा ८ वर लावलेला होता, म्हणून १,६०० मध्येच फेरा पुरा होई आणि त्या बाजूची लांबी दुप्पट पडे. वीज बंद करून बटण १६ वर नेले, आधी टाकाऊ प्लायवर चालवून पाहिले, तेव्हा बुट्टी गोल आली. जळालेल्या ड्रायव्हरच्या बटणांचा फोटो काढून ठेवला असता तर हे लाकूड वाचले असते.

गिऱ्हाइकाचे काम दोन दिवस उशिरा गेले. त्यांनी सांभाळून घेतले. तो स्वस्त ड्रायव्हर आम्ही फेकला नाही. पुतण्याने तो दीड अँपिअरच्या छोट्या मोटारीवर चढवला आहे. तिथे तो दिवसभर चालूनही हाताला कोमटच लागतो.