पाचव्या चिमणीचे वर्तमान

वृत्तपत्राच्या पहिल्या पानावर कोणती बातमी यावी, हा प्रश्न एकट्या संपादकाचा नाही. समाज कोणाला किती मोजतो, याचे ते पान म्हणजे एक दैनंदिन पत्रकच असते. मंत्रिमंडळातील फेरबदल, शेअर बाजाराचा निर्देशांक, क्रिकेटचा सामना यांच्या जागा त्यात ठरलेल्या असतात. विहीर खणताना दरड कोसळून दगावलेला मजूर आतल्या पानावर चार ओळींत आटोपतो. ईश्वराच्या लेखी यांतील महत्त्वाची बातमी कोणती, असे कोणी विचारले तर प्रश्न भाबडा वाटेल. तथापि ख्रिस्ती परंपरेने तो गांभीर्याने विचारला आहे, आणि तिने दिलेले उत्तर अर्थशास्त्राच्या अभ्यासकालाही अंतर्मुख करणारे आहे.

मुळात ‘शुभवर्तमान’ हा शब्दच बातमीचा आहे. ‘वर्तमानपत्र’ या शब्दातील ‘वर्तमान’ ते हेच. त्यामागील ग्रीक शब्द त्या काळी राजघोषणांसाठीही वापरीत. आशिया मायनरमधील प्रिएने येथे सापडलेल्या इ. स. पूर्व ९ मधील शिलालेखात सम्राट ऑगस्टसचा जन्मदिवस हा जगाला लाभलेल्या शुभवार्तांचा आरंभ मानला आहे. ख्रिस्ती लेखकांनी हा शब्द घेतला आणि बातमीचे केंद्र बदलले. लूककृत शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायाच्या आरंभी तिबिर्य कैसरापासून प्रमुख याजक हन्ना व कयफा यांच्यापर्यंत सात सत्ताधीशांची नावे ओळीने येतात. आता राजधानीतील काही घडामोड कळणार, असे वाचकास वाटते. परंतु देवाचे वचन या सातांपैकी कोणाकडेही जात नाही; ते अरण्यात राहणाऱ्या योहानाकडे जाते. सात नावे उरतात ती कालनिर्देशापुरती.

याचा अर्थ राज्यकारभार ईश्वराला क्षुल्लक वाटतो, असा मात्र नव्हे. यहूदाचा राजा यहोयाकीम याने गंधसरूचे तक्ते लावून प्रशस्त राजवाडा उभारला, तेव्हा त्या दिवसाची ठळक बातमी राजवाडा हीच ठरली असती. यिर्मया संदेष्ट्याने वाड्याच्या भिंतीआडची बातमी सांगितली : तेथे राबलेल्यांना वेतन मिळालेले नाही. राजाचा पिता योशीया दीनदुबळ्यांचा न्याय करीत असे, आणि ईश्वराला ओळखणे ते हेच, असेही त्याने बजावले.

या दृष्टीचे सर्वांत नेमके उदाहरण बाजारभावाचे आहे. मत्तय सांगतो की दोन चिमण्या एका दमडीला मिळत. लूक सांगतो की पाच चिमण्या दोन दमड्यांना मिळत. एक रोमन दिनार म्हणजे साधारणपणे एका दिवसाची मजुरी, आणि ही दमडी त्याचा सोळावा भाग. हिशेब करून पाहावा. दोन दमड्यांत चार चिमण्या आल्या. पाचवी वर मिळालेली, फुकटची. अर्थशास्त्राच्या परिभाषेत तिची सीमांत किंमत शून्य. येशूचे म्हणणे असे की, देवाला त्या पाचांपैकी एकीचाही विसर पडत नाही. किंमत आणि मूल्य यांतील भेद आम्ही वर्गात तासन्‌तास समजावतो. येथे तो एका चिमणीने दाखविला आहे.

बाजार ज्यांना मोजत नाही त्यांची बातमी दडली तर काय घडते, हे आपल्या देशाने १९४३ साली बंगालमध्ये पाहिले. सरकारने दुष्काळ अधिकृतपणे जाहीर केलाच नाही. कलकत्त्याच्या ‘स्टेट्समन’चे संपादक इयान स्टीफन्स यांनी २२ ऑगस्ट १९४३ रोजी भुकेने मरणाऱ्यांची छायाचित्रे छापली, तेव्हा कुठे जगाचे लक्ष वेधले गेले. पुढे १९८१ साली अमर्त्य सेन यांनी दाखवून दिले की, अन्नाच्या तुटवड्यापेक्षा मजुराची क्रयशक्ती कोसळणे हे त्या संहाराचे मोठे कारण होते. भाव वाढले, मजुरी मागे पडली. सेन यांच्या अंदाजाप्रमाणे सुमारे तीस लाख माणसे मेली.

परंतु बातमी कळली म्हणजे कर्तव्य संपले काय? लूकच्या तेराव्या अध्यायात काही जण येशूला ताजी बातमी सांगतात : पिलाताने गालीली लोकांना यज्ञ करीत असतानाच ठार केले. येशू आपल्या परीने दुसरी जोडतो : शिलोहातील बुरूज कोसळून अठरा जण दगावले. मेलेले इतरांहून अधिक पापी होते काय, असे विचारून तो स्वतःच नकार देतो, आणि ऐकणाऱ्यांनाच बदलण्यास सांगतो. मृतांच्या माथी दोष मारून मोकळे होण्याची सोय त्याने काढून घेतली. दुर्घटनेची बातमी वाचून हळहळणाऱ्या आपणा सर्वांना हे अडचणीचे आहे.

अशा बदलाचे उदाहरणही लूकनेच दिले आहे. यरीहोचा मुख्य जकातदार जक्कय याने अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि लुबाडलेले चौपट परत करण्याचे सर्वांसमक्ष कबूल केले. तेव्हा, न मोजलेल्या माणसाचा आक्रोश ही एक बातमी, आणि तो ऐकून कोणी आपला व्यवहार बदलला ही दुसरी. ख्रिस्ती दृष्टीने पहिल्या पानाच्या योग्यतेच्या बातम्या या दोनच. पहिली रोज घडते. दुसरी घडणे आपल्या हाती आहे. रोजगार हमीच्या मजुरांचे देयक ज्याच्या टेबलावर पडून आहे, तो लेखनिक ते आज पुढे पाठवितो की नाही. पटावरून नाव कमी होण्याच्या बेतात असलेल्या मुलाच्या घरी शिक्षक जातो की नाही. मेसमध्ये भांडी घासणाऱ्या पोऱ्याचे नाव विद्यार्थ्याला ठाऊक आहे की नाही, यांची बातमी उद्याच्या अंकात येणार नाही. म्हणून त्यांचे महत्त्व कमी होत नाही.