बाळंतिणीचे डोके दुखते तेव्हा...

२०२३ च्या जुलैत माझ्या लेकीचे पहिले बाळंतपण झाले. प्रसूती दवाखान्यात, अगदी सुखरूप. तिसऱ्या दिवशी मायलेकरे बेळगावजवळच्या आमच्या घरी आली आणि चौथ्या दिवशी बैलहोंगलहून विहीणबाई हजर! हातात स्टीलचा डबा, त्यात अंटिन उंडी. माझेही डिंकाचे लाडू तयारच होते. दोन्ही डबे शेजारी उघडले. तोच डिंक, तीच खारीक, तेच खोबरे. नाव तेवढे वेगळे.

लाडवांवर जमले तरी बाकी कशावर जमेना. त्या म्हणत, बाणंतीने पाणी कमी प्यावे. मी म्हणे, अंगावर पाजणाऱ्या बाईला तहान लागेल तेवढे पाणी हवेच. मला पोटपट्टा घट्ट बांधायचा होता, त्यांना ते पटत नव्हते. शेगडीवरूनही कुरबुर झाली.

पाचवीची पूजा झाली, जागरण झाले. सहाव्या दिवशी दुपारी लेक म्हणाली, "आई, डोके फुटेल असे दुखतेय." विहीणबाई लगेच म्हणाल्या, "गाळी बडदैती." मीही म्हटले, "हो, वारेच लागलेय." कानाला घट्ट स्कार्फ बांधला, ओव्याची धुरी दिली, खोलीची खिडकी लावून घेतली. संध्याकाळी ती म्हणाली, "भिंतीवरच्या कॅलेंडरातले आकडे पुसट दिसतात गं." मी म्हटले, "जागरण झालेय, झोप." त्या चार दिवसांत आम्हा दोघी विहिणींचे पहिल्यांदाच एकमत झाले, आणि दोघीही चुकलो.

सातव्या दिवशी सकाळी आशाताई आल्या. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी त्या ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येतात. मी चहा ठेवायला उठले, तर त्या म्हणाल्या, "चहा राहू दे अक्का, आधी तायी कार्ड आणा." त्यांनी लेकीचा सुजलेला चेहरा पाहिला, डोकेदुखीचे ऐकले, डोळ्यांचे विचारले आणि स्कार्फ सोडायला लावून थेट प्राथमिक आरोग्य केंद्रात नेले. नर्सबाईंनी दोनदा बीपी मोजले. १७०/११०. तिथे औषध देऊन १०८ ची गाडी बोलावली आणि तासाभरात आम्ही बेळगावच्या मोठ्या दवाखान्यात होतो.

नऊ महिने हिचे बीपी चांगले होते, मग आता कसे वाढले? मी डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, गरोदरपणात बीपी चांगले असले तरी बाळंतपणानंतर ते वाढू शकते. बहुधा पहिल्या काही दिवसांत, पण सहा आठवड्यांपर्यंत कधीही. १४०/९० च्या वर गेले की डॉक्टरांना दाखवायचे. १६०/११० झाले की एक तासही थांबायचे नाही, कारण झटके येऊ शकतात, मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. झटके येऊ नयेत म्हणून लेकीला मॅग्नेशियम सल्फेटची इंजेक्शने दिली. पाच दिवसांनी ती घरी आली. बीपीच्या गोळ्या काही आठवडे चालल्या, मग डॉक्टरांनीच थांबवल्या. बाळाला पाजणे मात्र थांबले नाही.

आम्ही अंदाज केला, नर्सबाईंनी मोजले. एवढाच फरक होता. मोजण्याचे हे महत्त्व आपल्याच जिल्ह्याने पूर्वी जगाला दाखवले आहे. २००२ ते २००५ या काळात बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत १,६२० बाळंतिणींचा अभ्यास झाला. जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाचे डॉक्टर त्यात होते आणि बाळंतपणे खेड्यांतल्या नर्सबाईंनी केली. किती रक्त गेले हे नजरेने न ठरवता मापाच्या पिशवीत मोजले. बाळ जन्मताच मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिलेल्या बायकांत अतिरक्तस्रावाचे प्रमाण ६.४ टक्के होते, न दिलेल्यांत १२ टक्के. २००६ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हा अभ्यास छापून आला.

मैत्रिणींनो, लाडू करा, अळिवाची खीर द्या, तेल लावा, बाळंतिणीला झोपू द्या. यातले काही सोडायला नको. पण बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नका, तिचा धूर जीवघेणा असतो. लोहाच्या गोळ्या 'गरम पडतात' म्हणून बंद करू नका. त्या १८० दिवस घ्यायच्या असतात आणि लाडू त्यांची जागा घेत नाहीत. लोह आणि कॅल्शियमची गोळी मात्र एकाच वेळी देऊ नका.

आणि हे दिसले तर घरगुती उपाय करत बसू नका: न थांबणारी डोकेदुखी, अंधुक दिसणे, छातीखाली पोटात कळ, धाप, झटका, तासाभरात एक पॅड पूर्ण भिजणे किंवा मोठ्या गुठळ्या पडणे, १००.४ च्या वर ताप किंवा अंगावरून जाण्याला घाण वास. एकाच पोटरीला सूज आणि दुखणे. १०८ ला फोन करा. बाळंतीण दोन आठवड्यांनंतरही रडतच असेल, तर 'लाडावलीय' म्हणू नका. तेही डॉक्टरांना सांगायचेच दुखणे आहे.

आता आमच्याकडे बीपीचे यंत्र आहे. मागच्या महिन्यात विहीणबाईंच्या भाचीचे बाळंतपण झाले. आम्ही दोघी भेटायला गेलो. भाचीने हसत डब्याकडे हात केला, तर विहीणबाईंनी तो बाजूला सरकवला आणि पिशवीतून यंत्र काढले. "मोदल बीपी नोडोण, आमेले उंडी."

बीपी चांगले निघाले. मग डबा उघडला.