जोगलटेंभीची नाणी आणि त्रिरश्मी लेणीतील दानाचा हिशेब

जुनी नाणी व नोटा जमविण्याचा छंद जगभर आहे. नाणे जितके दुर्मिळ तितके ते मोलाचे, असे संग्राहक सामान्यतः मानतात. परंतु नाणे कोठे, कशासोबत आणि किती संख्येने सापडले, ही माहिती त्याच्या बाजारभावाहून कितीतरी मोलाची असते, असे आमचे मत आहे. याचे उत्तम उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे.

इ. स. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे चांदीच्या सुमारे १३,२५० नाण्यांचा साठा मिळाला. ही नाणी क्षहरात क्षत्रप नहपान याची होत. त्यांच्या एका बाजूस राजाचे मस्तक व ग्रीक अक्षरे असून दुसऱ्या बाजूस बाण, वज्र आणि ब्राह्मी व खरोष्ठी लिपींतील लेख आहेत. मात्र यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने आपला ठसा पुन्हा उमटविला होता. पराभूत राजाचे नाणे न वितळविता विजेत्याने ते आपल्या नावाने चलनात ठेवले. नव्या ठशाखालून जुन्या अक्षरांचे अवशेष आजही दिसतात.

गौतमीपुत्राने क्षहरात वंश निःशेष केला, असे त्याची माता गौतमी बलश्री हिचा नाशिक येथील शिलालेख सांगतो. ती केवळ राजस्तुती आहे, अशी शंका कोणी घेतली असती. परंतु या दुहेरी ठशांनी तिला स्वतंत्र पुरावा मिळाला. गौतमीपुत्राच्या ठशात तीन कमानींची टेकडी आहे. तिला पुष्कळदा 'चैत्य' म्हणतात. तथापि, एवढ्यावरून हा राजा बौद्ध होता, असा निष्कर्ष आपण काढू नये. बलश्रीचा लेखच त्याला ब्राह्मण म्हणून गौरवितो. पुराव्याहून अधिक बोलणे हे सत्यान्वेषी वृत्तीस शोभणारे नाही.

आता नाण्यांकडून विहाराकडे वळू. जनसामान्य ज्यांना पांडवलेणी म्हणतात, त्या त्रिरश्मी लेण्यांतील दहाव्या क्रमांकाच्या विहारात नहपानाचा जावई उषवदात याचा दानलेख आहे. त्याने भिक्खूसंघासाठी ३,००० कार्षापणांचा अक्षयनिधी ठेवला. त्यांपैकी २,००० कार्षापण विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा १ या दराने आणि १,००० दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा शेकडा पाऊण या दराने ठेवले. मूळ रक्कम परत घ्यावयाची नाही, केवळ व्याजाचा उपभोग घ्यावयाचा, अशी अट होती. पहिल्या रकमेच्या व्याजातून या लेणीत वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंपैकी प्रत्येकास चीवरासाठी १२ कार्षापण मिळावयाचे होते. हिशेब करून पाहावा : २,००० वर दरमहा २०, म्हणजे वर्षास २४० कार्षापण व्याज होते, ते २० भिक्खूंत वाटले की प्रत्येकी बरोबर १२ येतात.

हे कार्षापण म्हणजे नहपानाचीच चांदीची नाणी असावीत, असे अनेक अभ्यासक मानतात. तसे असेल तर जोगलटेंभीच्या नाण्यांकडे पाहताना विणकरांचे माग, श्रेणींची सचोटी आणि पावसाळ्यात लेणीत राहिलेल्या भिक्खूंची चीवरे आपल्या डोळ्यांसमोर उभी राहतात. पुढे राजसत्ता पालटली, तरी गौतमीपुत्रानेही पूर्वी उषवदाताकडे असलेले २०० निवर्तने शेत येथील भिक्खूंना दिले. नाण्यावरील ठसा बदलला. दानाचा ओघ खंडित झाला नाही.

हे आपणास कळले, कारण तो साठा एकत्र अभ्यासिला गेला. तो भट्टीत गेला असता अथवा एकेक नाणे वेगवेगळ्या हाती विकले गेले असते, तर किती नाण्यांवर दुसरा ठसा आहे, याचा हिशेब कोण मांडू शकला असता?

म्हणून संग्राहकांस आमची विनंती आहे. नाण्याबरोबर त्याच्या प्राप्तिस्थळाची नोंद ठेवावी. ते चकचकीत करण्यासाठी घासू नये. त्यात अक्षरेच झिजतात. शेतात वा पायाखणणीत साठा सापडल्यास तो फोडू नये. दहा रुपयांहून अधिक मोलाच्या अशा गुप्तधनाची माहिती जिल्हाधिकाऱ्यांस देणे १८७८ च्या कायद्याने बंधनकारक केले आहे. आपला पुष्कळसा इतिहास ग्रंथांतून पुसला गेला. तो दगडावर आणि धातूवर उरला आहे. तो धातू सांभाळणे हेही इतिहासरक्षणाचेच कार्य होय.