नव्या माशाला नव्या पाण्याची ओळख

माशाच्या पिलाला पोहायला शिकवावं लागत नाही, असं आपण सहज बोलून जातो. ते खरंच आहे. पण त्याला नव्या पाण्याची ओळख मात्र करून द्यावी लागते, आणि ते काम आपलं असतं. आज त्याविषयीच बोलू या.

'मागेल त्याला शेततळे' ही योजना २०१६ साली आली आणि आपल्याकडे शेततळ्यांत मासे पाळायची चर्चा वाढली. काही ठिकाणी बचत गट ग्रामपंचायतीचं गावतळं ठेक्याने घेतात. गटाच्या बचतीतून मत्स्यबीज येतं, पिशव्या काठावर उतरतात, आणि घाईघाईने पाण्यात रिकाम्या होतात. दुसऱ्या दिवशी सकाळी पिलं पोट वर करून तरंगताना दिसली, की आपण म्हणतो, 'बीजच खराब होतं.' कधी तसं असतंही. पण पुष्कळदा बीज चांगलं असतं, नुकसान होतं ते सोडतानाच्या अर्ध्या तासात.

आधी कोणता मासा आणायचा ते ठरवू. कटला, रोहू आणि मृगळ हे तिघं एका घरात गुण्यागोविंदाने राहतात, कारण तिघांची ताटं वेगळी आहेत. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी. एकमेकांच्या तोंडचा घास ते फारसा काढत नाहीत. हेक्टरी ५,००० नग असा साधा हिशेब धरा. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद पाणी असेल तर ४५० पिलं पुरतात: कटला १८०, रोहू १३५ आणि मृगळ १३५. 'थोडी जास्त टाकू, मेली तरी उरतील' हा विचार सोडा. दाटी झाली की कोणीच धड वाढत नाही. तळ्याला प्लॅस्टिकचा कागद असेल तर तळाशी चिखल नसतो, म्हणून मृगळाला वरून खाद्य द्यावंच लागतं.

आपलं पाणी उन्हाळ्यापर्यंत आटतं. हाती आठेक महिने असतात. म्हणून अगदी बारीक जिरे न आणता बोटाएवढी पिलं, म्हणजे बोटुकली, आणा. दर जास्त पडतो, पण ती लवकर विक्रीजोगी होतात. शिवाय तळ्यात आधीचे मरळ किंवा मांगूर असतील तर बारीक पिलं त्यांचं जेवण होतात. ज्याच्या तोंडात जे मावतं ते तो खातो, एवढा नियम लक्षात ठेवा. बीज सोडण्याआधी दोन-तीनदा जाळं ओढून असे मासे काढून घ्या.

बीज घेताना एक सोपी परीक्षा करा. पसरट टोपात थोडी पिलं घ्या आणि हाताने पाणी गोल फिरवा. दमदार पिलं धारेच्या विरुद्ध पोहतात. रोगट पिलं धारेबरोबर वाहत जातात किंवा मधोमध गोळा होतात. अंगावर कापसासारखे पांढरे पुंजके किंवा लाल चट्टे दिसले तर ते बीज घेऊ नका. मोजणीही समोर करून घ्या. एक वाटी भरून पिलं मोजायची आणि किती वाट्या झाल्या ते लिहून ठेवायचं.

आता पाण्याकडे येऊ. आपलं पाणी माशाला मानवेल की नाही, हे आधी कळू शकतं. मच्छरदाणीच्या कापडाची चार काठ्यांना बांधलेली पेटी तळ्यात लावा. तिला हापा म्हणतात. त्यात दहा-वीस पिलं एक दिवस ठेवा. ती ठणठणीत राहिली तर बाकीचं बीज आणा. मेली तर नुकसान दहा-वीस पिलांवर थांबतं, गटाची सगळी रक्कम बुडत नाही.

सोडण्याची वेळ ऊन चढण्याआधीची किंवा संध्याकाळची. कंदिलाच्या तापलेल्या काचेवर गार पाण्याचा थेंब पडला की काच तडकते. माशाचंही काहीसं तसंच आहे. आपलं अंग बाहेर थंडी असो की ऊन, आतून सारखंच गरम राहतं. माशाचं अंग मात्र पाण्याइतकंच गरम किंवा गार असतं. गाडीत तापलेल्या पिशवीतून तो एकदम गार पाण्यात पडला, की त्याला धक्का बसतो.

म्हणून पिशवी बंदच ठेवून वीस मिनिटं सावलीत तळ्यावर तरंगू द्या. मग तोंड उघडा आणि तळ्याचं पाणी ओंजळी-ओंजळीने आत घाला. दहा-पंधरा मिनिटांत आतलं-बाहेरचं पाणी सारखं होतं.

त्यानंतर मिठाचं पाणी करा. दहा लिटर तळ्याच्या पाण्यात २०० ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवा. पिलं जाळीत घेऊन त्यात मिनिटभर बुडवा. अंगावरचे बरेच परजीवी त्याने गळतात. पिलू कलंडायला लागलं तर लगेच बाहेर काढा. मग जाळी तळ्यात तिरकी धरा आणि पिलांना आपल्या पायाने नव्हे, आपल्या पंखांनी जाऊ द्या. उंचावरून ओतू नका. पिशवीतलं पाणी तळ्यात टाकू नका, कारण त्यात प्रवासभराची घाण आणि कदाचित रोगही असतो.

पहिल्या दिवशी खाद्य देऊ नका. दुसऱ्या दिवसापासून भाताचा कोंडा आणि शेंगदाणा पेंड समभाग भिजवून थोडं थोडं द्या. पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करत असतील, तर पाण्यात प्राणवायू कमी पडला आहे. खाद्य थांबवा आणि मोटारीने पाणी उंचावरून फवारा. कपाशीवर फवारणी केलेला पंप तळ्यात धुऊ नका. थोडंसं औषधही माशांना पुरतं.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. काही मासे आणूच नयेत. लवकर वाढतो, मरत नाही, स्वस्त आहे, असं सांगून कोणी थाई मांगूर विकायला आला तर त्याला परत पाठवा. हा मूळचा आफ्रिकेतला मासा. २००० सालापासून त्याच्यावर देशात बंदी आहे. तो बाकीचे मासे खातो आणि कमी पाण्यातही तग धरतो. आपला देशी मांगूर वेगळा.

चिलापी १९५२ साली बाहेरून देशात आली. ती झपाट्याने पिलं घालते आणि थोड्याच काळात तळं लहान-लहान चिलापींनी भरून जातं. उजनीच्या जलाशयात आज तिचाच बोलबाला आहे. सुधारित चिलापी पाळायलाही परवानगी लागते.

'आमच्या तळ्यात काहीही सोडू, दुसऱ्याला काय?' असं म्हणता येत नाही. २०२१ च्या ऑगस्टअखेरीला तितूर आणि डोंगरीने चाळीसगावात काय केलं ते आपण पाहिलं. अशा पुरात तळ्याचा बांध फुटला की मासा ओढ्यात जातो, ओढ्यातून तितूरला, तितूरमधून गिरणेला आणि पुढे तापीला. तिथे जाळं टाकून पोट भरणाऱ्या भोई, कोळी कुटुंबांच्या जाळ्यात उद्या काय यायचं, ते आपल्या एका पिशवीवर ठरू शकतं. शाळेतल्या काचेच्या पेटीतले मोठे झालेले मासेही नाल्यात सोडू नका, त्याचं कारण हेच.

म्हणून बीज मागवण्याआधी गटाची बैठक घ्या. गावतळं असेल तर ग्रामपंचायतीला सांगा. कोणता मासा, किती नग, कोणाकडून आणि कोण उभं राहून सोडणार, हे वहीत लिहा. शंका असेल तर जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारा आणि मान्यताप्राप्त केंद्रातूनच बीज घ्या. पाणी सगळ्यांचं असेल तर त्यात कोण राहायला येणार, हेही सगळ्यांनी मिळूनच ठरवायला हवं.