डोळ्यातला पाझर शोधणारा रंग

पाझर तलाव आणि खालच्या शिवारातली विहीर यांचं नातं तुम्हाला सांगायला नको. पाणी कुठं मुरतं आणि कुणाच्या विहिरीला उतरतं, यावरून भावकीत बोलणी बंद होतात. असाच वाद जर्मनीत झाला. डॅन्यूब नदीचं पाणी एका ठिकाणी खडकाच्या भेगांत गडप व्हायचं. तेच पाणी आख नदीच्या झऱ्यातून वर येतं का, हा प्रश्न होता, कारण दोन्हीकडे पाण्यावर चालणारे उद्योग होते. १८७७ साली त्या भेगांजवळ १० किलो रंग ओतला. सुमारे अडीच दिवसांनी १२ किलोमीटरवरच्या झऱ्याचं पाणी हिरवं चमकू लागलं. वाद मात्र तेवढ्यावर मिटला नाही, पुढं कोर्टातही गेला. पाण्याचे वाद तिकडंही असेच!

त्या रंगाचं नाव फ्लुओरेसिन. बायर नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं तो १८७१ मध्ये तयार केला होता. आज तोच रंग माणसाच्या डोळ्यातला पाझर शोधायला वापरतात. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठातील नोव्होटनी आणि अल्विस या दोन वैद्यकीय विद्यार्थ्यांनी ही तपासणी १९६१ मध्ये जगापुढं मांडली. हृदयाची अँजिओग्राफी तुम्ही ऐकली आहे, ही डोळ्याची. साधारण चमचाभर रंग दंडाच्या शिरेतून देतात. दहा-पंधरा सेकंदांत तो डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्यांत पोचतो. निळा प्रकाश टाकला की हिरवट-पिवळा चमकतो आणि कॅमेरा भराभर फोटो घेत जातो. यात क्ष-किरण नाहीत.

आता याचा उपयोग कुठं, ते पाहा. समजा, तिशी-पस्तिशीतला माणूस म्हणतो, एका डोळ्यानं मधोमध धुरकट दिसतं, सरळ रेघ वाकडी वाटते. तपासलं तर पडद्याच्या मध्यभागामागं पाणी साचलेलं. हे पाणी बहुधा एका नेहमीच्या विकारामुळं असतं. त्यात पडद्याखालच्या थरातून पाझर लागतो. स्टिरॉइडच्या गोळ्या-इंजेक्शनांशीही या विकाराचा संबंध आहे, म्हणून अंगदुखीवर कुणी 'जादूची' गोळी देत असेल तर डॉक्टरांना सांगा. या विकारात फोटोत रंगाचा ठिपका उमटतो आणि पसरत जातो. पुष्कळदा हे पाणी तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरतं. म्हणून डॉक्टर थांबायला सांगतात, आणि ते बरोबर असतं.

पण काही जणांच्या डोळ्याची नस जिथं पडद्याला मिळते, तिथं जन्मतःच एक बारीक खड्डा असतो. सुमारे ११ हजारांत एकाला. लहानपणी त्रास नसतो, त्यामुळं पत्ता लागत नाही. पुढं ऐन उमेदीत या खड्ड्याच्या वाटेनं पडद्यामागं पाणी शिरतं. ते डोळ्यातल्या जेलीसारख्या द्रवातून येतं की मेंदूभोवतीच्या पाण्यातून, यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. गंमत अशी, की इथं रंगाच्या फोटोत पडद्यामागं गळती सहसा दिसतच नाही. खड्डा आधी काळा दिसतो, शेवटी शेवटी उजळतो, बस्स. पाणी तर साचलंय आणि गळती नाही, हीच खूण! कारण हे पाणी रक्तवाहिन्यांतून आलेलं नाही. असं पाणी वर्षानुवर्षं राहिलं तर मधली नजर कायमची जाते, म्हणून गरजेप्रमाणे लेसर किंवा शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. दोन्ही रोगी सारखीच तक्रार घेऊन येतात. एकाला थांबणं फायद्याचं, दुसऱ्याला तोट्याचं. हल्ली सुई न टोचता पडद्याचे थर दाखवणारी ओसीटी तपासणी आली आहे. तिच्यात हा खड्डा आणि पाणी चांगलं कळतं. म्हणून रंगाची तपासणी प्रत्येकाला करतातच असं नाही.

याच घराण्यातला आणखी एक दोष आहे, 'मॉर्निंग ग्लोरी'. १९७० मध्ये किंडलर या डॉक्टरांनी हे नाव दिलं. ओढ्याकाठचं बेशरम याच फुलांच्या कुळातलं. नसेचं तोंड त्या फुलासारखं नरसाळं झालेलं असतं आणि रक्तवाहिन्या सायकलच्या आऱ्यांसारख्या सरळ निघतात. बहुतेक एकच डोळा अधू असतो, आणि सुमारे एक तृतीयांश रुग्णांत पडदा सुटतो. काही मुलांत मेंदूच्या रक्तवाहिन्यांतही दोष सापडतो, म्हणून डॉक्टर एमआरआय सांगतात. तो टाळू नका. तिसरा दोष म्हणजे फट. गर्भाच्या डोळ्याची खालची भेग पाचव्या ते सातव्या आठवड्यात मिटायची राहून जाते. काहींची बाहुली त्यामुळं किल्लीच्या भोकासारखी दिसते. एवढ्या लवकर कित्येक बायकांना दिवस गेल्याचंही कळलेलं नसतं. तेव्हा ग्रहणात सुरी धरली म्हणून सुनेला बोल लावू नका.

मूल काही सांगत नाही. एका डोळ्यानं जन्मापासून दिसतच नसेल, तर त्याला ते वेगळं वाटणार कसं? सरपंच, अंगणवाडी ताई, आशा ताई, हे काम तुमचं. एकेक डोळा आळीपाळीनं झाका. चांगला डोळा झाकला की मूल हात बाजूला ढकलतं, रडतं. बाहुली पांढरी दिसली किंवा डोळा तिरळा झाला, तर 'मोठेपणी सुधारेल' म्हणू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं, म्हणजे २०१३ पासूनच्या योजनेचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा यायला हवं. त्या दिवशी पटावरचं एकही मूल घरी राहू देऊ नका.

मोठ्यांसाठी एक सांगतो. डोळ्यापुढं विजा चमकणं, काळे ठिपके एकदम वाढणं, बाजूनं पडदा ओढल्यासारखं वाटणं, ही पडदा सुटल्याची लक्षणं. दुखत नाही, म्हणून लोक 'मोतीबिंदू असेल, पिकू दे' म्हणतात. हा मोतीबिंदू नव्हे. त्याच दिवशी निघा. पडदा फाटून सुटला असेल तर डॉक्टर बाहुली मोठी करून बघतात. त्यासाठी रंगाच्या फोटोची वाट पाहायची नसते.

रंगाची तपासणी ठरली, तर दमा, ॲलर्जी, मूत्रपिंडाचा विकार किंवा गरोदरपण असेल तर आधी सांगा. काहींना मळमळ होते, क्वचित तीव्र ॲलर्जी येते, त्यासाठी रुग्णालयात औषधं तयार ठेवलेली असतात. थेंबांनी बाहुली मोठी केल्यावर काही तास ऊन सहन होत नाही, तेव्हा मोटारसायकल स्वतः चालवत परतू नका, सोबत कुणाला तरी न्या. काही तास अंग पिवळट दिसेल आणि दीडेक दिवस लघवी गर्द पिवळी होईल. ती कावीळ नव्हे, रंग बाहेर पडतो आहे, तेव्हा घरच्यांनी वैदूकडे धाव घेऊ नये.