आधी पालथा करून बघा

दुकानात येणारा नवखा आधी स्केटबोर्डाच्या पोटावरचं चित्र बघतो. कवटी, वाघ, ज्वाळा, नाहीतर जपानी अक्षरं. काउंटरमागचा पोरगा त्याला निवांत बघू देतो. पुढेमागे हा गडी कठड्यांवरून घसरायला शिकला, की सगळ्यात आधी तेच चित्र खरवडून निघणार, हे त्याला ठाऊक असतं. पुण्यातल्या एका लहानशा दुकानात शनिवारी दुपारी मी स्टुलावर बसून हा व्यवहार बघत होतो. गिऱ्हाईक म्हणजे तेराएक वर्षांची मुलगी आणि तिचे बाबा. बाबांच्या मोबाइलवर दीड-दोन हजारांतल्या एका बोर्डाचा फोटो उघडा होता आणि "यात आणि तुमच्यात फरक काय?" हा प्रश्न तयार होता.

पोरगा काही बोलला नाही. परतीला आलेला तसलाच एक बोर्ड त्यानं कपाटामागून काढला, जमिनीवर ठेवला आणि मुलीला म्हणाला, "उभी राहा, आणि पाय न हलवता एका बाजूला कल." ती कलली. बोर्ड ढिम्म. मग दुकानातला बोर्ड ठेवला. कलल्याबरोबर फळी तिच्या पायाखाली झुकली आणि चाकं वळली. ती दचकून खाली उतरली. फरक काय, ते बाबांनाही दिसलं.

हा फरक असतो ट्रकमध्ये. फळीखाली धातूचे जे दोन सांगाडे असतात आणि ज्यांच्या आसावर चाकं बसतात, ते ट्रक. प्रत्येकाच्या मध्यातून एक जाड बोल्ट जातो, किंगपिन. त्यावर दोन बुश असतात. वजन एका बाजूला पडलं की बुश त्या बाजूला दबतात, आस तिरका होतो आणि बोर्ड वळतो. स्कूटरला हँडल असतं, इथे सगळं स्टिअरिंग या दोन बुशांत. खेळण्यातल्या बोर्डाचे बुश दगडासारखे कडक असतात, काहींचा तर अख्खा ट्रकच प्लॅस्टिकचा. पोराला वाटतं आपल्याला जमत नाही, आणि महिनाभरात बोर्ड माळ्यावर जातो. म्हणून पहिला बोर्ड स्वस्तातला घ्यावा, शिकल्यावर चांगला आणू, हा हिशोब मला उलटा वाटतो. सराईत माणूस वाईट बोर्डही कसाबसा चालवून नेतो, नवख्याला ते शक्य नसतं.

मापाचा प्रश्न लवकर मिटला. मोजायची ती रुंदी, आणि तीही इंचांत. मोठ्या माणसाला साधारण 8 इंच, लहान पावलाला थोडं कमी. हिला 7.75 ची फळी निघाली. मेपलचे सात पातळ थर एकमेकांवर चिकटवलेले. लांबीच्या भानगडीत कोणी पडत नाही. डावा पाय पुढे ठेवणारे 'रेग्युलर' आणि उजवा ठेवणारे 'गूफी'. बोर्ड दोघांनाही तोच चालतो.

मग जोडणी सुरू झाली. वरच्या बाजूला ग्रिप टेप, म्हणजे चिकट पाठीचा काळा पॉलिशपेपर. तो मधून कडांकडे दाबत चिकटवला, हवेचा बुडबुडा राहू दिला नाही. कडेवरून कानस फिरवली तशी पांढरी रेघ उमटली, तिच्यावरून ब्लेड चालवलं आणि जादा पट्टी एका दमात सुटून आली. खालून स्क्रू-ड्रायव्हर खुपसून आठ भोकं मोकळी केली. ट्रक बसवताना दोन्ही किंगपिनची तोंडं आत, एकमेकांकडे. हे उलट झालं तर बोर्ड कलाच्या विरुद्ध वळतो. शेवटी आसाच्या टोकाला बेअरिंग ठेवून चाक वरून दाबलं. कट् असा आवाज आला की बसलं.

बेअरिंग बघितल्यावर बाबा खुलले. "आम्ही गॅरेजमधून जुनी बेअरिंगं आणून गाडी बनवायचो. फळी, दोन दांडे आणि उतार." कॅलिफोर्नियात 1950 च्या दशकात पोरांनी नेमकं हेच केलं होतं, फक्त चाकं रोलर स्केटची काढून ठोकली. आधी लोखंडी चाकं, मग मातीची. रस्त्यावर खडा आला की चाक अडायचं आणि पोरगा पुढे जायचा. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रँक नासवर्दीनं युरेथेनची चाकं आणली आणि बोर्ड रस्त्याला धरून चालायला लागला. बेअरिंगच्या डबीवर एबेक 5, 7, 9 असे आकडे छापलेले असतात. ते यंत्रांसाठी ठरवलेल्या अचूकतेचे आकडे. उडी मारून जमिनीवर आदळताना बेअरिंगवर जो धक्का बसतो, तो त्यात धरलेलाच नाही. त्या आकड्यासाठी जादा पैसे मोजू नयेत.

खरी चर्चा झाली ती चाकांवर. परदेशी व्हिडिओंत ठरलेला सल्ला असतो: 52 मिलिमीटर व्यास, 99ए कडकपणा. तो सल्ला गुळगुळीत सिमेंटवर तयार झाला. नेरुळसारखा स्केटपार्क हाताशी असेल तर मानावा. पण पोरग्यानं विचारलं, "चालवणार कुठे?" उत्तर आलं, सोसायटीत, पेव्हर ब्लॉकवर. कडक चाकाला पेव्हरची प्रत्येक फट लागते, दात वाजतात आणि बारीक खड्यानंही बोर्ड जागीच थांबतो. त्यानं 56 मिलिमीटरची, 78ए ची मऊ चाकं काढली. चाक मोठं झालं की वळताना फळीला घासून ब्रेक लागू शकतो, म्हणून ट्रक आणि फळीच्या मध्ये रबराची पातळ चकती घातली. मऊ चाकांवर उड्या आणि फिरक्या जड जातात, हेही त्यानं सांगून टाकलं. पण तो पुढचा विषय. तेव्हा फक्त चाकं बदलायची, बाकी बोर्ड तोच राहतो.

हेल्मेट आणि मनगटाच्या पट्ट्या बाबांनी न विचारता काउंटरवर ठेवल्या. बुटांवर मात्र वाद झाला. मुलीला जाड, उसळत्या तळव्याचे रनिंग शूज घालायचे होते, आणि त्यात पायाखालची फळी कळत नाही. शाळेचे पांढरे पीटीचे बूट त्याहून बरे, असं पोरगा म्हणाला तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा होता.

"आणि पावसात?" बाबांनी विचारलं. पावसात बाहेर काढायचाच नाही. बेअरिंगं गंजतात, लाकडाचे थर पाणी पिऊन फुगतात, आणि मग फळी वाळली तरी तिचा टणटणीतपणा परत येत नाही. जून ते सप्टेंबर घरात सतरंजीवर उभं राहून तोल सांभाळायचा. चाकं फिरत नाहीत, म्हणून नवख्याला ते उलट सोपं पडतं.

पहिल्या आठवड्यांत बुश बसतात आणि ट्रक सैल वाटायला लागतो, तेव्हा किंगपिनचा नट पाव फेरा आवळायचा. चाकांचे नट मात्र फार घट्ट नकोत, चाक आसावर किंचित हललं पाहिजे. "त्याला तेराचा पाना चालेल," पोरगा म्हणाला. "आहे घरी," बाबा म्हणाले. किंगपिनला तो लागत नाही, म्हणून त्याचा वेगळा पाना त्यानं पिशवीत टाकला आणि बिलात लावला.